सुखाचं मापटं शुक्रवार पेठेत

अरविंद टिपणीसाला एका गोष्टीची तिळमात्र शंका नव्हती. सोलापूरचं सुख तो महिन्याभरात मोजून मुंबईला नेणार! समाजकार्याच्या पदवीसाठी त्याच्या सरांनी थेट अमेरिकेतून सुख मोजायची प्रश्नावली आणली होती. टिपणीसानं तिचं मराठी इतकं चोख केलं की कानामात्रेची चूक सापडू नये! आता सर येऊन काम पसंत करणार, की पदवी खिशात. नाहीतर पुन्हा अख्खं वर्ष.

शुक्रवार पेठेत तो नागप्पा भुसारवाल्याच्या माडीवर राहायचा, जेवायचाही तिथंच. सुरुवात घरमालकिणीपासून केली. सुंदरम्मा म्हणजे भाकरी थापता थापता गाणं म्हणणारी बाई.

“संसारात समाधानी आहात?”

उघडं पेन दिसताच तिचं गाणं थांबलं. “कसलं समाधान वो! मरण येईना म्हणून जगायचं.”

“मुलगा कसा आहे?” मुलगा नुकताच शाळेत पहिला आला होता.

“धोंडा हाय नुस्ता!”

“नवऱ्याशी पटतं?”

“त्यापरीस म्हशीशी पटतंय की!”

टिपणीसाचं काळीज हललं. गल्लीभर तेच रडगाणं! फक्त कोपऱ्यावरची गुरम्मा म्हणाली, “लई सुखात हाय.” तिचा नवरा भांडून होटगीला बहिणीकडं जाऊन बसला होता, पण सुखात तीच पहिली आली.

समाजकार्यवाला गप्प कसा बसेल? त्यानं दुकानात जाऊन नागप्पाला गाठलं. “तुमच्या पत्नी अतिशय दुःखी आहेत!” नागप्पाच्या हातातला तराजूच खाली पडला. दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून अक्कलकोटहून त्याचा सासरा, बाह्या सरसावलेले दोन मेहुणे आणि कुणाची तरी मावशी ओसरीवर हजर! एवढ्यांच्या भाकऱ्या थापून घामाघूम झालेली सुंदरम्मा उलथनं घेऊनच बाहेर आली.

“अवो सायेब, तुमी पेन उघडून बसला! सुखात हाय म्हणून लिवून दिलं, तर दिष्ट न्हाय लागणार?”

“मग गुरम्मा?”

“जिचं सुखच गेलंय, तिला कसली दिष्ट? ती अब्रू झाकतीया.”

टिपणीसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मापटंच उलटं धरलं होतं की! त्यानं पेन खिशात घातलं आणि प्रत्येकीला शेजारणीचं सुख विचारलं. गल्ली धो धो बोलली! सगळ्यांची उत्तरं अशी जुळली की टिपणीस माडीवर नाचला. सुंदरम्मानं मीठमिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली.

“आता सरांपुढं चांगलं झालंय म्हणू नगा बरं!”

सकाळी सर स्टेशनवर उतरले. “काय टिपणीस, काम कसं झालं?”

“कसलं काम, सर! पार बट्ट्याबोळ!” टिपणीस खुशीत हसला.

सर हसले नाहीत.

“म्हणजे तसं नव्हे सर, दृष्ट लागते ना...”

“दृष्ट?” सरांनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. “प्रामाणिकपणे कबूल केलंत, आवडलं. आता एक वर्ष नीट काम करा.” आणि ते परतीच्या गाडीची चौकशी करायला गेले.

टिपणीस पाय ओढत घरी आला आणि ताटावर बसला. गल्लीतल्या बायका दारात कान टवकारून उभ्या होत्या.

“काय म्हनले सर?” सुंदरम्मानं विचारलं.

टिपणीसानं मान ताठ केली. “लई खूश झाले!”

सुंदरम्मा काय ते समजली. तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.