तीनदा सावधान

धोंडाबाईंच्या नारायणला चार ठिकाणांहून नकार आला, त्याला कारण त्याचा धंदा. मुंबईच्या एका हॉटेलात गोव्याच्या बँडबरोबर तो सहा वर्षं जाझ गात होता. गाणी स्वतः रचायची, चाल स्वतः लावायची आणि साहेबलोक नाचत असताना म्हणायची. लढाई सुरू झाली, हॉटेल बंद पडलं आणि तो आपल्या गावी, भोंगवलीला परत आला. मुलगा काय करतो, याला ‘गातो’ हे उत्तर आपल्याकडे कुणी उत्तर धरत नाही.

किकवीचे मानसिंग मात्र विचारी गृहस्थ. “थोरलीच्या लग्नात मंगळाष्टका रचून म्हना,” ते म्हणाले. “लोकांस्नी पसंत पडल्या, तर धाकट्या कुंदीचा इचार करू.”

नारायणनं कुंदाला एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. तो लगेच रचायला बसला.

लग्नात पहिलं कडवं छान झालं. ‘सावधान’ म्हणताच अक्षता पडल्या. नारायणला वाटलं, दाद मिळाली. हॉटेलात दाद मिळाली की शेवटची ओळ वळण बदलून पुन्हा म्हणायची पद्धत. त्यानं म्हटली. ‘सावधान’ ऐकून मूठ मिटून बसणं बरं दिसत नाही, म्हणून मंडळींनी पुन्हा अक्षता टाकल्या. एवढी दाद त्याला साहेबांनीही दिली नव्हती. त्यानं तिसऱ्यांदा म्हटली.

तिसऱ्या कडव्याला अक्षता संपल्या.

“अवो, पंगतीचा तांदूळ आना!” मानसिंग बायकोवर, फुलाबाईंवर ओरडले.

“आन् पंगतीला काय वाढू?”

“मुहूर्त चाललाय! आदी आना!”

पंगतीच्या तांदळाला कुंकू लागलं. ते बघून नारायणचा गळा आणखी खुलला. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले. अखेर भटजींनीच शेवटचं ‘सावधान’ ठणकावलं, अंतरपाट ओढला आणि लग्न लावलं.

वरपिता सोनबा वेल्ह्याकडचे, भाताच्या मुलखातले. आमटी-बुंदीचं पान बघून ते उठले. “भाताबिगर जेवान? ही काय लग्नाची पंगत म्हनायची?” असं म्हणून वऱ्हाड उपाशीच गाडीत बसलं. त्यांच्या मागोमाग भटजीही गेले.

नारायणला फार वाईट वाटलं. तो मानसिंगांपुढे खाली मान घालून उभा राहिला. “मामा, चुकलं माझं. आजपासून गाणं सोडलं.”

“सोडून कसं चालंल?” मानसिंग खेकसले. “भटजी म्हनालं, ह्या दारात पुन्यांदा मंगळाष्टका म्हननार न्हाई. मग कुंदीच्या लग्नात कोन म्हननार?”

“कुंदाचं लग्न? कुणाशी?”

“तुमच्याशी. लई सांगून बगितलं, पोरगी ऐकंना. समदा मांडव अक्षता फेकत हुता, तवा ही एकटीच मूठ मिटून गानं ऐकत बसली हुती.”

नारायणच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरदेवानंच अंतरपाटाआडून मंगलाष्टकं कशी म्हणायची, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“पर एक हाय,” मानसिंग म्हणाले.

“काय, मामा?”

“तांदूळ वरपक्षाचा.”