बबनकाकांच्या वावरातला फूड मॉल

एक्सप्रेस वेच्या फूड मॉलवर तुम्ही गाडी लावलीत, पाय मोकळे करायला उतरलात, आणि पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा समोर येऊन "या, या, वाटंत तरास न्हाई ना झाला?" असं म्हणाला, तर दचकू नका. तो काही विकत नाही, पावती फाडत नाही. ते आमच्या शेजारचे बबनकाका. तुम्ही त्यांच्या वावरात उतरला आहात आणि दारी आलेल्या माणसाची विचारपूस करायची त्यांची सवय आहे.

वावरात म्हणजे खरंच वावरात. त्या मॉलची ती काचेची इमारत, पार्किंग, संडास, सगळं काकांच्या भातखाचरांवर उभं आहे. रस्त्याला जमीन गेली, पैसे आले, थेरगावात डांगे चौकाजवळ दोन खोल्या झाल्या आणि काका भोसरीच्या एका वर्कशॉपात लागले. तिथून रिटायरही झाले. पण वावर काही त्यांनी सोडलं नाही.

त्यांना तिथं नेतं कोण, तर मी. एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदी आणि एसटीवाला मधे कुठं उतरवत नाही. माझी आई पनवेलला असते, एक रविवार आड मी जाते. निघायच्या वेळी खाली यावं तर काका गाडीला टेकून उभे. जाताना त्यांना तिथं टाकायचं, संध्याकाळी उचलायचं. परतताना मी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला असते, पण त्याचाही बंदोबस्त त्यांच्याकडे आहे. गावकऱ्यांसाठी रस्त्याखालून मोरी ठेवलीय. तिच्यातून पलीकडं येतात आणि पंपावर उभे राहतात. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढून तोंड कडू झालेलं असतं, रविवारी मला कुणाशी बोलायचं नसतं. काकांना ते कळत नाही असं नाही. ते माझ्या वाटचंही बोलतात.

बोलतात काय, तर तिथल्या सोयी. 'सोय' हा काकांचा लाडका शब्द. सोय झाली पायजे मान्साची, बाकी काय ऱ्हातंय, हे एक वाक्य किवळ्याला एक्सप्रेस वे लागेपर्यंत तीनदा होतं. मॉलमधल्या जागांना त्यांची स्वतःची नावं आहेत. कॉफीचं काउंटर म्हणजे खळं. गाड्या चार्ज करतात ते चिंचेखाली. संडास गोठ्यापाशी. एकदा एका गुजराती कुटुंबाला त्यांनी इतक्या प्रेमानं गोठ्यापाशी पाठवलं की ती बिचारी माणसं मॉलला वळसा घालून, कुंपणापर्यंत गोठा शोधून आली. काकांचं म्हणणं, गोठा नसला म्हणून काय झालं, जागा तर तीच हाय ना.

इतिहासही त्यांना तोंडपाठ. रस्ता सुरू झाला तेव्हा नुसती ताडपत्री आणि चहाची टपरी. मग वडापाव आला, मग पत्र्याची शेड आली, मग एक दिवस सगळं पाडून काचा आल्या. काचा आल्या त्याचा त्यांना कोण अभिमान! आमच्यात भात पिकायचा, आता गाड्या पिकत्यात, असं म्हणून स्वतःच हसतात. नवा मॅनेजर येतो तो आधी त्यांना हाकलतो आणि महिन्याभरात खुर्ची देतो. सफाईच्या बायका त्यांना 'मालक' म्हणतात. पहिल्यांदा थट्टेनं म्हणाल्या असतील, आता तसं वाटत नाही.

मला मात्र या सगळ्याचा राग यायचा. ज्यांनी जमीन घेतली त्यांच्या फरशीचं कौतुक करत हिंडायचं म्हणजे काय? हौसाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मला पटायचं. जमीन मोजली त्या दिवशी काकूंनी तिकडं पाठ केली ती केलीच. पुन्हा पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी काका परत आले की दारातच त्या एकच प्रश्न विचारायच्या.

"हिरीला पाणी हाय?"

"हाय. काठोकाठ."

मग काका आत जायचे आणि काकू चहा टाकायच्या. ती विहीर दोघांनी मिळून खणलेली. लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, काका खाली कुदळ मारायचे आणि काकू माती वर ओढायच्या. तिच्यावर आता जाळी बसवलीय, कडेनं झेंडू लावलाय, हे काकांकडून मीही ऐकलेलं. आठवडाभर लोकांचे पार्ट तपासणाऱ्या मला, एकदा गाडीतून उतरून ती विहीर बघावी असं कधी सुचलं नाही.

मग काकूंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. स्वच्छ दिसायला लागलं तशा त्या म्हणाल्या, या रविवारी मलाबी न्या. हिर बघायचीय.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले. काकांनी चहाला नको म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"पोरी, हिर न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तीच बुजवली त्यांनी. त्या वक्ताला ही जेवत नव्हती. हिर ठेवलीय म्हणलो, तवा कुठं भाकर मोडली तिनं. मग दर खेपेला हाय म्हणावं लागलं."

जाळी, झेंडू, काठोकाठ पाणी, सगळं या माणसानं घरच्या घरी तयार केलेलं. त्यांना आता एकच भीती होती, काकू पुन्हा जेवण सोडतील. गाडी बिघडलीय म्हणून सांग, एवढंच त्यांचं मागणं. मी सांगितलंसुद्धा. काकूंनी गॅलरीतून खाली बघितलं. दहा मिनिटांपूर्वी मीच लावलेली गाडी खाली उभी होती. "बरं, नीट झाली की जाऊ," म्हणाल्या आणि रविवारी सकाळी नऊवारी नेसून, पिशवीत तांब्या घालून, काकांच्या आधी गाडीपाशी हजर.

त्या दिवशी काका वाटेत अवाक्षर बोलले नाहीत. माझ्या मेलीच्या जिवाला इतकी शांतता कधी नको होती.

मॉलवर उतरलो. सफाईच्या बायका 'मालक, मालकीण आल्या का' म्हणत पुढं आल्या, काकांनी नुसती मान हलवली. काकूंनी काचांकडे बघितलंही नाही. त्यांनी समोरचा डोंगर बघितला. डोंगराची खिंड नाकासमोर धरली आणि चालायला लागल्या. गाड्यांच्या रांगा ओलांडत, हॉर्न मारणाऱ्याला हातानंच थांबवत, सरळ बसच्या पार्किंगमध्ये. दोन बसच्या मधे सिमेंटवर एका जागी थांबल्या.

"हितं," त्या म्हणाल्या.

काका मागून आले होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "हौसा, बुजवली गं," एवढंच त्यांच्या तोंडून आलं, आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले. मला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे.

काकू वळल्या. मॉलमध्ये गेल्या, पिण्याच्या पाण्याच्या नळावर तांब्या भरून आणला, थोडं पाणी त्या सिमेंटवर ओतलं आणि उरलेला तांब्या काकांच्या हातात दिला. काकांनी तो उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग काकूंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, बसच्या मधोमध, सगळ्या जगासमोर. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, उगाच कशाला लपवू.

त्या दिवशी मी आईकडे गेलेच नाही. पुढच्या एक्झिटवरून गाडी वळवून त्यांना घेऊन परत फिरले. काका मागच्या सीटवर गाढ झोपले. मी काकूंना हळूच विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"बुजवली त्याच दिशी. माझा भाऊ सांगून गेला."

"मग दर वेळी विचारत का होता?"

काकू काचेतून बाहेर बघत होत्या. "हाय म्हणताना त्यांचं तोंड बघितलंय का कधी तू?" त्या म्हणाल्या. "त्यांनीच खणली व्हती ना. हिर गेली म्हणून ते कुणाकडं रडणार? रोज मनात घेऊन हिंडत व्हते. म्हणलं, आता नीट दिसाया लागलंय, एकदा दोघं जाऊन मोकळं हू."

मला वाटलं होतं, यानंतर काका काही यायचे नाहीत. पण पुढच्या खेपेला खाली उतरले तर गाडीला टेकून उभे. पुन्हा सोयी, पुन्हा खळं, पुन्हा किवळ्यापर्यंत तेच वाक्य. संध्याकाळी पंपावरून उचललं, घरी आणलं. जिना चढताना मी मुद्दाम त्यांच्या मागं रेंगाळले.

काकू दारात उभ्या होत्या.

"हिरीला पाणी हाय?"

काकांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, टोपी नीट केली.

"हाय," ते म्हणाले. "काठोकाठ."

काकू चहा टाकायला आत गेल्या.