रेकॉर्ड ऐकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

संगीत कानांनी ऐकायचे असते असे मानणाऱ्या समाजाचे काही खरे नाही. फ्रीज दुरुस्त करणारा एक तरुण नेमकी हीच समजूत घेऊन रविवारी सकाळी दहा वाजता भावी सासरेबुवांच्या बैठकीच्या खोलीत शिरला. मुलीने त्याला होकार दिला होता. वडिलांचा होकार श्रवण मंडळाच्या हाती होता.

मंडळात चार सभासद होते: निवृत्त मोजणी अधिकारी असलेले सासरेबुवा, त्यांचे साडू, एक दंतवैद्य आणि सगळे ज्यांना 'अध्यक्ष' म्हणत ते गृहस्थ (मंडळाला अध्यक्षपद नाही). टीपॉयवर एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या निवडक गाण्यांची दुहेरी रेकॉर्ड होती. निवडक गाणी ऐकणे खऱ्या रसिकाला कमीपणाचे असते. त्यावर मंडळाने एकमताने तोडगा काढला होता, की ही निवड इतकी चुकीची आहे की ती ऐकायला जास्तच जाण लागते. रसिकाने घाई करू नये.

प्रथम कव्हरचे वाचन झाले, वीस मिनिटे. मग ज्येष्ठतेनुसार कव्हरचा वास (प्रत्येकी एक श्वास, पाहुण्याला अर्धा). मग मऊ ब्रशने रेकॉर्डची सफाई, तीही एकाच दिशेने. दोन तासांच्या बैठकीत संगीताला सरासरी बावीस मिनिटे मिळतात, आणि मंडळातले सगळे मतभेद त्याच बावीस मिनिटांत झालेले आहेत. रसिकाने घाई करू नये.

अखेर सुई टेकली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर ऑर्गनचा एक तुकडा पुन्हा आला. मग पुन्हा. तरुणाने कान टवकारले. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो आणि बंद पडतो, तसा हा आवाज होता, दर पावणेदोन सेकंदांनी, बारीक टकटकीसकट. सुई अडकली होती. त्याने इकडेतिकडे पाहिले. दंतवैद्यांनी डोळे मिटले होते. साडू बोटांवर मात्रा मोजत होते. अध्यक्ष पुटपुटले, "इथे वादक स्वतःला विसरलाय."

तरुण अर्धा उठला. सासरेबुवांचे डोळे भरून आलेले दिसले तसा तो खाली बसला. अकराव्या मिनिटाला साडूंना दणकून शिंक आली, सुई पुढे सरकली, आणि ताल बदलल्याबद्दल मंडळाने माना डोलावल्या. रसिकाने घाई करू नये.

"काय वाटलं?" सासरेबुवांनी विचारले.

"मधला भाग फार खोल जातो," तरुण म्हणाला. तो एकमताने पास झाला.

मुलगी जिन्यात उभी होती.

"सुई अडकली होती. आतपर्यंत ऐकू येत होतं. तुला कळलं नाही?"

"कळलं ना."

"मग?"

"तुझे वडील रडत होते गं."

"गेली सहा वर्षं रडतायत, त्याच जागेवर," ती म्हणाली. "मला वाटलं, तू तरी उठशील."

लग्न तूर्त लांबणीवर पडले आहे. सभासदत्व मात्र कायम झाले. आता तोही त्या जागी डोळे मिटतो, आणि हल्ली त्याला तिथे खरोखरच काहीतरी ऐकू येऊ लागले आहे.

रसिकाने घाई करू नये. (हे वाक्य तुम्ही चौथ्यांदा वाचत आहात. आधीच्या तिन्ही वेळा ती लेखकाची शैली समजून पुढे गेला असाल, तर मंडळात एक खुर्ची रिकामी आहे. रविवारी, सकाळी दहाला.)