पीपुरतं इंग्रजी

इंग्रजी शिकायला दहा वर्षं शाळेत जावं लागतं, ही अफवा ज्याने उठवली तो नक्कीच शाळामास्तर असणार! मी सांगतो, सहा दिवस पुरे! फळा नको, बाक नको, छडी नको. शिकवणारा तेवढा माझ्यासारखा हवा!

हे वाक्य मी आमच्या बेटावरच्या विणकामाच्या शेडमध्ये, नऊ बायकांच्या देखत, गालात उकडलेलं कोनफळ धरून बोललो. आणि तिथेच फसलो.

त्या नऊ जणींत माझी थोरली बहीण सेलुवाया होती. आमच्या टोंगा देशात थोरल्या बहिणीने काही सांगितलं की पुढे एकच प्रश्न उरतो : कधी?

"सेम्या," अक्का हातातली केवड्याची पात न सोडता म्हणाली, "पुढच्या बुधवारी ती जहाजवाली बाई येतेय. आज गुरुवार. म्हणजे तुझे सहा दिवस आजपासून."

"अगं अक्का, मी आपलं सहज—"

"सहज शिकव मग."

जहाजवाली बाई म्हणजे ब्रिस्बेनहून येणारी एका पर्यटक जहाजाची अधिकारी. महिन्यातून एकदा दोनशे प्रवासी एका गावात उतरवायचे होते. ते गाव आमचं की समोरच्या किनाऱ्यावरचं ताकौ, हे ती ठरवणार होती. ताकौच्या बायकांकडे एक निवृत्त शिक्षिका होती, खाडखाड इंग्रजी बोलणारी. आमच्याकडे होत्या चटया. एकीपेक्षा एक सरस, छपरापर्यंत रचलेल्या! म्हणजे वादळाने ठेवलं होतं त्या छपरापर्यंत. उडालेलं छप्पर पुन्हा घालायचं तर चटया विकल्या जायला हव्यात, आणि चटया विकल्या जायला माणसं हवीत. इंग्रजी येणारी आमची सगळी पोरं शहरात नाहीतर ऑकलंडला. पाद्रीबुवांना उत्तम येतं, पण ते नेमके राजधानीत परिषदेला गेलेले. उरलो मी. ऑस्ट्रेलियात सात हंगाम संत्री तोडून आलेला, फाडफाड इंग्रजीवाला सेमिसी!

आणि माझ्याकडे सिद्धांत होता. "बायांनो," मी म्हणालो, "इंग्रजीत क्रियापदं वगैरे असतात ती नुसती शोभेला. खरं काम नामं करतात! आमचा मुकादम दिवसभर काय ओरडायचा? बकेट! लॅडर! ट्रक! बस्स. सात हंगाम माझं काही अडलं नाही."

बायका खूश झाल्या. मी ऐटीत घरी गेलो आणि ऑस्ट्रेलियाहून आणलेला तो उशीएवढा शब्दकोश कपाटातून काढला. काढला तर तो चिकूएवढा हलका!

"कालोलाइने!" मी बायकोला हाक मारली. "याची पानं कुठं गेली?"

"पुढची बाबांनी नेली," ती शांतपणे म्हणाली. "तंबाखूच्या विड्या वळायला. कागद पातळ आहे म्हणाले, छान जळतो."

सासरेबुवा शिस्तीचे. एपासून सुरुवात करून दोन वर्षांत त्यांनी ओ संपवला होता.

"आणि मागची?"

"अहो, रविवारची भट्टी पेटवायला काहीतरी लागतंच ना? मी आपली झेडकडून घेत आले. बाबांच्या मध्ये कशाला यायचं!"

डोंगराच्या दोन्ही बाजूंनी बोगदा खणत यावा तसे बाप-लेक दोन्हीकडून आत शिरले होते. मध्ये एकच अक्षर जिवंत राहिलं होतं. पी!

दुसरा कुणी असता तर अक्काकडे जाऊन खरं सांगून मोकळा झाला असता. मी शेडमध्ये जाऊन छाती पुढे काढून म्हणालो, "नवी पद्धत! सगळी अक्षरं थोडी थोडी शिकून माणूस कच्चा राहतो. आपण एकच अक्षर घ्यायचं आणि असं घोटायचं की गोऱ्यांनीही तोंडात बोट घालावं!"

"कुठलं?" अक्काने विचारलं.

"पी. श्रीमंत अक्षर आहे."

आणि काय सांगू, वर्ग असा रंगला! बोटं पाती विणतायत, तोंडं शब्द विणतायत! पायनॅपल! पपाया! पिलो! पम्पकिन! एकीने म्हणावं, आठ जणींनी उचलावं. बहात्तर वर्षांच्या लेसिएली आजींना 'पॅराशूट' इतका आवडला की मासे, पाऊस, सून, सगळ्यालाच त्या पॅराशूट म्हणू लागल्या. रविवारी प्रार्थनेच्या शेवटी सगळं देऊळ 'आमेन' म्हणालं आणि मागून आजींचा खणखणीत आवाज आला, "पम्पकिन!"

'प्लीज' हा शब्दही सापडला होता. पण ते नाम नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व! मी तो गाळला.

अडचण आली ती अवघड शब्दांची. शब्दकोशात अर्थही इंग्रजीतच छापलेले, आणि त्या अर्थांतलीही मला फक्त नामंच कळत. पण डोकं चालवलं तर काय निघत नाही? 'प्रिझनर'पुढे 'व्यक्ती' आणि 'जागा' हे शब्द दिसले. एका जागी ठेवलेली व्यक्ती, म्हणजे पाहुणा! 'पायरेट'पुढे माणूस आणि जहाज : जहाजावरून आलेला माणूस. 'पॉयझन'पुढे पेय आणि शरीर : अंगाला मानवणारं पेय. म्हणजे शहाळंच की! आणि 'पिकपॉकेट'पुढे माणूस, पैसे, खिसा. खिशातून पैसे काढणारा : गिऱ्हाईक!

तुम्हीच सांगा, यात चुकीचं काय वाटलं असतं कुणाला?

लेसिएली आजी चटईवरची नक्षी काढण्यात सगळ्या बेटांत नावाजलेल्या. त्यांनी एक भलामोठा तक्ता केला. प्रत्येक शब्द, आणि शेजारी चित्र. 'प्रिझनर'शेजारी टोपीवाली जाडजूड बाई चटईवर बसून खातेय. 'पॉयझन'शेजारी नळी घातलेलं शहाळं. 'पिकपॉकेट'शेजारी हसतमुख माणूस नोटा देऊन चटई घेतोय. इतका सुंदर तक्ता, की अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "सेम्या," ती म्हणाली, "तुला मी उगाच रिकामटेकडा म्हणायचे."

बुधवारी सकाळी होडीवाल्याने बाईंना धक्क्यावर उतरवलं आणि तो तेल भरायला निघून गेला. "तासाभरात येतो!" म्हणाला. बाईंचं नाव फिलिपा. उंच, उन्हाने लाल झालेल्या, डोक्यावर टोपी, हातात कागद अडकवलेली पाटी. छातीवरच्या बिल्ल्यावरचं पहिलं अक्षर बघून बायकांत आनंदाची लाटच उसळली. पी! हा तर शुभशकुन!

मी दुभाषी म्हणून मागे उभा होतो. पुढे व्हायची गरजच नव्हती, विद्यार्थिनी तयार होत्या!

अक्का पुढे झाली. दोन्ही हात पसरून, चेहरा भरून हसत, समुद्राकडे बोट दाखवून म्हणाली, "पायरेट!"

बाईंनी वळून समुद्राकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

अक्काने बोट बाईंच्या छातीकडे वळवलं. "प्रिझनर!"

"प्रिझनर!" आठ जणींनी एका सुरात उचललं. इतक्या एका सुरात, की माझ्या अंगावर काटा आला. बाईंच्याही आला असावा.

मग कालोलाइनेने बाईंच्या गळ्यात फुलांचा हार घातला आणि कमरेला नवीकोरी चटई गुंडाळली. मानाच्या पाहुण्याला गुंडाळतातच. वर काथ्याची दोरी करकचून आवळली. सैल राहिली तर अपमान ना! बाईंचे डोळे त्या दोरीवर खिळले. त्यांनी भराभर काहीतरी विचारलं. त्यात एकही नाम ओळखीचं नव्हतं, म्हणून सगळ्या नुसत्या गोड हसल्या.

एवढ्यात लेसिएली आजी शहाळं घेऊन आल्या. बाईंच्या तोंडाशी धरलं, आणि आपल्या नातीला भरवताना बोलतात तशा मायेने म्हणाल्या, "पॉयझन."

बाई एक पाऊल मागे सरकल्या.

"पॉयझन! पॉयझन!" नऊ जणी आग्रह करू लागल्या. आमच्याकडे पाहुणा नाही म्हणाला की आग्रह वाढतो.

बाईंनी कागदांची पाटी टाकली आणि पळाल्या!

कमरेला चटई, गळ्यात हार, आणि बाई धक्क्याकडे सुसाट! होडी कुठे होती? बाई वळल्या, डुकरांच्या कुंपणाच्या दगडी भिंतीवर चढल्या. मागून नऊ जणी, शहाळं सांडू न देता. मान द्यायचा राहून गेलाय आणि पाहुणा पळतोय, हे कुठल्या घरात चालतं? बाईंनी भिंतीवरून पलीकडे उडी मारली, चटई वाऱ्याने फुलली, आणि आजी टाळी वाजवून ओरडल्या, "पॅराशूट!"

त्या दिवशी बरोबर जागी पडलेला तो पहिला शब्द!

नीरफणसाच्या झाडाखाली पाद्रीबुवांची गाडी उभी होती. बाई आत घुसल्या, दारं लावून घेतली, काचा वर केल्या आणि भोंगा दाबून धरला. पोंऽऽऽऽऽ! सारं गाव गोळा झालं. डुकरं, कोंबड्या, सासरेबुवासुद्धा. विडी ओढत.

"सेम्या!" अक्का ओरडली. "हिला काय झालं? विचार!"

आता माझी वेळ आली होती. सात हंगाम कशासाठी केले? मी काचेपाशी गेलो. म्हणायचं एवढंच होतं, की बाई, घाबरू नका, ही सगळी माणसं प्रेमळ आहेत. पण तोंड उघडलं, आणि डोक्यात त्या मुकादमाशिवाय कुणीच नव्हतं.

"नो टॉकिंग!" मी ओरडलो.

बाईंनी भोंगा सोडला.

"फास्टर! फास्टर! बॅक टू वर्क!"

बाई सीटवरून खाली, पाय ठेवायच्या जागेत गेल्या. नुसता लाल हात वर दिसत होता. मी आणखी मोठ्याने, आणखी मायेने "बकेट!" म्हणालो, तेवढ्यात माझा कान कुणीतरी धरला. मी बावन्न वर्षांचा आहे. अक्काने भर गावात कान धरून मला गाडीपासून वीस पावलं लांब नेऊन उभं केलं.

"काय सांगितलंस तिला?"

"धीर दिला."

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की तिने लहानपणी विहिरीत बादलीऐवजी मला सोडलं होतं ते आठवलं. मग ती गाडीपाशी गेली आणि काचेसमोर मातीत फतकल मारून बसली. आजींच्या हातातलं शहाळं घेतलं, बाईंना दिसेल असं उंच धरलं, आणि घटाघट प्यायली. हनुवटी पुसली. हसली. दुसरं शहाळं आजींनी प्यायलं. तिसरं कालोलाइनेने. नऊ जणी ओळीने बसून शहाळी पीत होत्या आणि काचेतून हळूहळू दोन डोळे वर येत होते.

कुणीच मरत नव्हतं!

काच दोन बोटं खाली आली. बाईंनी शहाळ्याकडे बोट केलं. "पॉयझन?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"पॉयझन!" अक्का आनंदाने म्हणाली. काहीतरी बिनसलंय हे तिला तोवर कळून चुकलं होतं. तिने शेडमधून तक्ता मागवला आणि गाडीच्या पुढच्या काचेवर लावून धरला.

बाई वाचू लागल्या. शब्द, चित्र. शब्द, चित्र. टोपीवाली बाई पाहून त्यांनी आपल्या टोपीला हात लावला. शहाळं पाहिलं. मग नोटा देणाऱ्या हसतमुख पिकपॉकेटपाशी त्यांची नजर थांबली. त्यांचा चेहरा एकाएकी वाकडा झाला, खांदे गदगदू लागले.

"रडतेय गं!" कालोलाइने कळवळली.

पोंऽऽऽऽऽ! भोंगा पुन्हा सुरू झाला, आणि थांबेचना. बाईंचं डोकं स्टिअरिंगवर पडलं होतं. हसून हसून!

बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. चटई त्यांनी सोडली नाही, उलट दोरी स्वतः आवळून घेतली. दोन शहाळी प्यायल्या, अळूच्या पानात शिजलेलं मांस बोटं चाटत खाल्लं, आणि प्रत्येक घासाला नऊ जणींना एकेक शब्दाचा खरा अर्थ हातवाऱ्यांनी दाखवला. 'पॉयझन'ला त्या मान टाकून जीभ बाहेर काढून मेल्या. तेव्हा काय झालं ते बायकांना समजलं. आधी आजींनी तोंडावर हात ठेवला, अक्काने कपाळाला लावला, आणि मग जो हशा फुटला तो म्हणे ताकौपर्यंत ऐकू गेला! हसता हसता नऊच्या नऊ माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी डुकरांना चारा घालायला निघून गेलो.

दोन आठवड्यांनी बाईंचं पत्र आलं. पाद्रीबुवांनी ते रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. इतकं जिव्हाळ्याचं स्वागत कंपनीने कुठेच पाहिलं नव्हतं. जहाज आमच्याच गावाला येणार होतं! पहिल्या फेरीला बाई स्वतः येऊन बायकांना रीतसर इंग्रजी शिकवणार होत्या. शेडमधल्या सगळ्या चटया मांडून ठेवा म्हणाल्या होत्या. बायका बाकांवरून उठून नाचू लागल्या, आजी रडू लागल्या, अक्काने मला गर्दीतही शोधून मिठी मारली. मी मान खाली घालून, विनयाने, शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

"अजून एक ओळ आहे," पाद्रीबुवा चष्मा सारखा करत म्हणाले. "जहाज येईल त्या दिवशी तो ओरडणारा मुकादम गावात नसावा."

मतदान झालं. बाजूने सगळं गाव. विरुद्ध कुणी नाही. बायकोने तर दोन्ही हात वर केले.

त्यामुळे महिन्यातून एक दिवस मी बेटाच्या पलीकडच्या टोकाला, कोनफळांच्या वाडीत बसलेला असतो. तशी वाईट जागा नाही ती. वारा असतो, सावली असते. आणि खरं सांगू? त्या वाडीत अजूनही माझ्याइतकं चांगलं इंग्रजी कुणालाच येत नाही!