डाव्या कडेचा हात

प्रदर्शन सुरू व्हायला तासभर उरला होता, आणि आजोबांच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोत नातीला एक जास्तीचा हात दिसला.

फोटो घरादाराला पाठ होता. वाचनालयाच्या उद्घाटनात अध्यक्ष मान वर करून बोलताहेत, आणि त्यांच्या भाषणाचे कागद एक शेळी निवांत खाते आहे. आजोबा तेव्हा वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. "मी फोटोसाठी कधी खुर्चीसुद्धा हलवली नाही," हे वाक्य त्यांनी पन्नास वर्षं भेटेल त्याला ऐकवलं होतं. आजचं त्यांचं भाषणही त्याच वाक्यावर होतं.

फोटो काढायचे ते, पण फिल्म धुणं, फोटो छापणं हे सगळं आजी न्हाणीघरात अंधार करून करायची, आणि या फोटोची डावी कड दर वेळी कापायची. नातीने हौसेने मूळ निगेटिव्हवरून अख्खा फोटो मोठा करून आणला आणि ती कड परत आली. तिथून एक हात शेळीला कागद भरवत होता. मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. असं घड्याळ घरात एकच बाई घालायची.

"आजी, हा तुझा हात?"

आजीने चष्मा लावून पाहिलं. "माझाच. चौदा पानं होती गं. सहाव्या पानापर्यंत मी कळ काढली."

"आणि आजोबा?"

"त्यांना वाटतं शेळी आपणहून आली. वाटू दे. हे कळलं तर आज बोलायला उभेच राहायचे नाहीत ते."

नातीचं धाबं दणाणलं. तिने कडेवर काळा कागद चिकटवला, तो गळून पडला. समोर झाडाची कुंडी ठेवली, ती शिपायाने पाणी घालायला उचलून नेली. शेवटी ती स्वतःच कडेपुढे उभी राहिली. लोक माना वाकड्या करून फोटो बघू लागले, तेव्हा आजोबा जवळ आले आणि तिला बाजूला व्हायला सांगू लागले.

"माझा पाय दुखतोय," ती म्हणाली.

"मग बस."

"बसल्यावर जास्त दुखतो."

तेवढ्यात त्यांना भाषणाला बोलावलं म्हणून ती वाचली. पण आजोबांचं भाषण संपेना. पुढच्या रांगेतले लोक खोकू लागले, मागचे हळूहळू दाराकडे सरकले. खुर्चीचं वाक्य आलं की आजोबा चष्मा काढून छताकडे बघत. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा टेबलाशेजारी बसलेल्या आजीचा हात अलगद पुढे आला आणि उरलेली पानं तिच्या पर्समध्ये गेली. आजोबांनी खाली पाहिलं. कागद संपले होते, म्हणजे भाषणही संपलं असणार. त्यांनी आभार मानले. टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

नातीने कडेपुढून न हलता नेमका तोच क्षण मोबाइलमध्ये टिपला होता. आजोबा तो बघायला येताना दिसले तशी तिने घाईघाईने मोबाइलवरच आजीच्या हातासकट डावी कड कापली.

"झकास आलाय," आजोबा म्हणाले. "फोटोसाठी मुद्दाम काही हलवलं नाहीस ना?"

नातीने आजीकडे पाहिलं. आजी पर्सची चेन लावत होती.

"खुर्चीसुद्धा नाही," नात म्हणाली.