आपोआप म्हणजे कोण?

बस्त्यावकाका लोपीस भाजीवालीने फुकट दिलेली कोथिंबीर परत करायचे.

बोळिंजच्या बाजारात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भाजीवालीने भेंडी तोलली आणि सवयीने वर चार काड्या कोथिंबीर नि दोन मिरच्या पिशवीत टाकल्या. काकांनी पिशवीत हात घालून त्या हुडकून काढल्या आणि टोपलीच्या कडेला अलगद ठेवल्या.

"अहो काका, वरची आहे ती. पैसे नाय लावले."

"मागितली होती का मी?"

"नाय, पण सगळेच नेतात."

"मागितली होती का?"

भाजीवालीने माझ्याकडे बघून डोक्याला हात लावला. मी कोथिंबीर घेतली. मलाही ती मागितल्याशिवायच मिळाली होती, पण मी आपला घेणाऱ्यांतला.

काका आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. वसईकडचे जुने ख्रिस्ती बागायतदार. मुंबईत जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात नकाशे काढण्यात त्यांची सारी नोकरी झाली. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर त्यांनी नंदाखाल गावातलं घर बंद केलं आणि बोळिंजला फ्लॅट घेतला. बाग मात्र सोडली नाही. रोज सकाळी सायकलवरून नंदाखालला जायचं, केळींना पाणी सोडायचं आणि दुपारी परत यायचं. आमच्याशी ते शाळेच्या पुस्तकातलं स्वच्छ मराठी बोलत. त्यांची घरची बोली वेगळी होती. ती मला निम्मी कळे, निम्मी चेहऱ्यावरून ओळखावी लागे.

"मागितलं होतं का मी?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असं माणूस आमच्या इमारतीत नव्हतं. वर्तमानपत्रातून शाम्पूची पुडी आली, काकांनी ती पेपरवाल्याच्या सायकलला नेऊन अडकवली. न्हाव्याने दाढीनंतर डोक्याची मालीश सुरू केली, काका अर्ध्यातच उठून उभे राहिले. बँकेतून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा संदेश आला, तर बँकेत जाऊन विचारलं, "हे कोणी पाठवलं? मी त्यांना ओळखतो का?" आमच्या हिच्या मते म्हाताऱ्याला एकटेपणाने थोडं वेड लागलं होतं. मलाही तसंच वाटे. पुढे जे घडलं त्यानंतर मात्र मी त्यांच्याविषयी तसं बोलायचं सोडून दिलं.

सुरुवात माझ्या मोबाईलवरून झाली.

मोबाईल घरोघर पोचून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. एकदा काकांनी मला फोन केला आणि मी उचलल्याबरोबर विचारलं, "सावंत, तुमच्या फोनवर बाई गाते. ती कोण?"

"कोणी नाही हो. फोन करणाऱ्याला ट्रिंग ट्रिंगऐवजी गाणं ऐकू येतं. हल्ली असतं तसं."

"मागितलं होतं का तुम्ही?"

"नाही. आपोआप आलं असेल."

"आपोआप म्हणजे कोण?"

"म्हणजे... आपोआप."

"त्याचं आडनाव काय, सावंत? तो बसतो कुठे?"

मी हसलो. महिन्याला त्या गाण्याचे थोडे पैसे कापले जात होते हे मला माहीत होतं. बंद करायचं तर कुठलातरी नंबर लावायचा, तिथे दहा बटणं दाबायची. कोण करतंय? वडापावाच्या पैशांसाठी माणूस कंपनीशी भांडत नाही. हे मी त्यांना सांगितलं.  मग ते म्हणाले, "उद्या शनिवार. तुम्हाला सुट्टी. माणिकपूरला जाऊ या."

माणिकपूरला कंपनीचं दुकान होतं. काचेचा दरवाजा, आत थंडगार. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी काउंटरवर होती. काकांनी मला पुढे केलं आणि स्वतःच बोलायला लागले.

"यांच्या फोनवर गाणं कोणी लावलं?"

"सर, ते सिस्टीमने ॲक्टिव्हेट होतं."

"सिस्टीमला बोलवा."

"काका, सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर. तुम्हाला आधी मेसेज येतो. नको असेल तर नाही म्हणून रिप्लाय करायचा असतो. यांनी नाही म्हटलं नाही."

"म्हणून?"

"मग ते हो धरतात."

काकांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, तुझं लग्न झालंय?"

"नाही काका."

"समज, उद्या तुला कोणी मागणी घातली. तू जेवत होतीस. तोंडात घास होता, म्हणून बोलली नाहीस. तर बँड वाजवायचा का?"

रांगेतले सगळे हसले. मुलगीही हसली. मग मॅनेजरच्या केबिनकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला. "काका, खरं सांगू? माझ्या फोनवर पण आलंय. मला पण बंद करता येत नाहीये."

माझं गाणं तिने बंद करून दिलं. मला वाटलं, संपलं. पण काका बाहेर येऊन रिक्षा स्टँडपाशी थबकले. "तिच्यासुद्धा, सावंत. जी विकते तिच्यासुद्धा."

त्यानंतर एके दिवशी ते वर्तमानपत्राचं आतलं पान घेऊन माझ्याकडे आले. फोन कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या दिल्लीच्या सरकारी मंडळाची छोटीशी जाहिरात होती. अशा न मागता दिलेल्या सेवांबद्दल मुंबईत खुली सुनावणी, जनतेपैकी कोणीही येऊन मत मांडावं. काकांनी 'कोणीही' या शब्दाखाली रेघ मारली होती.

रविवारी त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात सभा बोलावली. स्वतः खुर्च्या पुसून ओळीत मांडल्या. मी गेलो. सेक्रेटरी मोहिते आले, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबाई आल्या आणि त्यांनी बसल्या बसल्याच विचारलं, "टँकर कधीपासून रोज येणार?"

"सभा टँकरची नाही, बाई. फोनवरच्या गाण्याची आहे."

"अय्या, मग मी कशाला आले?" म्हणून त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पण टँकरचं बघा हं."

मोहिते समजूतदार माणूस. म्हणाले, "काका, राग मानू नका. इथे नळाला पाणी नाही, रस्त्यात खड्डे, लाइट कधी जाईल नेम नाही. माणसं रात्री घरी येतात ती झोपायला. त्यांनी गाण्यासाठी भांडायचं? आणि एवढ्या मोठ्या कंपन्या, आपण कोण त्यांच्यापुढे?"

काका उठले. ते खुर्च्या घडी करून भिंतीला लावू लागले. मी मदत केली. शेवटची खुर्ची लावताना म्हणाले, "तुम्ही रजा काढू शकाल का?" का कोण जाणे, मी हो म्हणालो.

सुनावणी एका पंचतारांकित हॉटेलात होती. काकांनी लग्नातला सूट घातला होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दारातल्या टेबलावरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "कुठली संस्था?"

"मी नंदाखालचा," काका म्हणाले.

तिने तसंच छापलं. काकांच्या छातीवर बिल्ला लागला. वर बी. लोपीस, खाली नंदाखाल. चहाच्या वेळी कंपनीचा एक तरुण वकील माझ्याजवळ आला आणि हळूच विचारता झाला, "ही नंदाखाल म्हणजे कुठली कन्सल्टन्सी? दिल्लीची का?" मी म्हटलं, "नाही, जुनी आहे. केळीत काम करते." त्याने गंभीरपणे मान हलवली.

सभागृह भरलेलं होतं. पण जनता म्हणावी असे आम्ही दोघेच. बाकी सगळे कंपन्यांचे. प्रत्येकापुढे लॅपटॉप, मागे फायली सांभाळणारी माणसं. एका कंपनीच्या मोठ्या साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. बोलणं फार गोड होतं. गिऱ्हाईकांना ही सेवा आवडते, तक्रारी नगण्य आहेत आणि जो गिऱ्हाईक बोलत नाही तो समाधानी आहे असंच व्यवसायात धरायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. माना हलल्या. आपलीच मान हलतेय हे मला जरा उशिरा कळलं.

"जनतेपैकी कोणी?" मंचावरच्या वृद्ध अध्यक्षांनी विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं असावं, कारण ते कागद आवरायला लागले होते.

काका उभे राहिले. "मी मराठीत बोलेन. हे सांगतील."

हे म्हणजे मी. माझ्या हातात दुसरा माईक आला. ऑफिसात दोन ओळींची चिठ्ठी इंग्रजीत लिहिताना मला घाम फुटतो.

काका त्या मोठ्या साहेबांकडे वळले. "साहेब, माझ्या फोनवर तुम्ही गाणं लावलंत, तर ते मला ऐकू येतं का?"

मी सांगितलं. साहेब हसून म्हणाले, "नाही सर. ते तुम्हाला फोन करणाऱ्याला ऐकू येतं."

"म्हणजे माझ्या नावावर, माझ्या दारात जे वाजतं ते साऱ्या गावाला ऐकू येतं आणि फक्त मला येत नाही?"

"तांत्रिकदृष्ट्या, होय."

"मग मी नाही कसं म्हणू? मी गप्प होतो, कारण मला ऐकूच येत नव्हतं. तुम्ही म्हणता, गप्प होतो म्हणजे मला आवडलं."

हे इंग्रजीत करताना मी दोनदा अडखळलो. तरी ते पोचलं. टंकलेखनाचे आवाज थांबले. 

साहेब सावरून म्हणाले की तक्रारी खरोखरच कमी आहेत.

"कमी असतील," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमच्या इमारतीत मी सभा घेतली. त्यासाठी म्हणून आले हे एकटे. म्हणून बाकीचे खूश आहेत असं समजू नका, साहेब. ते दमलेत. दमलेल्या माणसाच्या गप्प बसण्यावर कोणी धंदा करू नये, एवढंच मला सांगायचं आहे."

आणि ते बसले. सुटाची बटणं सोडून त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. अध्यक्षांनी आवरलेल्या कागदांतून एक कागद परत काढला आणि त्यावर काहीतरी लिहिलं. मी शेजारी बसलेल्या ह्या माणसाकडे बघत राहिलो. कोथिंबीर परत करणारा हाच का तो, असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर आम्ही समुद्राच्या कठड्यावर बसलो. मी विचारलं, "काका, तुमच्या फोनवर होतं का कधी गाणं?"

त्यांनी छातीवरचा बिल्ला काढून खिशात ठेवला.

"फिलू गेली त्या दिवशी होतं." फिलोमेना त्यांची बायको. "मी धावपळीत. शवपेटी आणायची, फादरना सांगायचं, माणसं येतायत. फोन सारखा वाजत होता. मी उचलला की पलीकडचं गाणं बंद. मला काय कळणार? कुठल्यातरी सिनेमातलं नाचाचं होतं म्हणे. सांत्वनाला फोन करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलं. गावातल्या कोणी मला सांगितलं नाही. म्हाताऱ्याला काय झालंय, असं आपसात बोलले. महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, पुतण्याने सांगितलं, तेव्हा मला कळलं."

"मग तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ना?"

"गावाला सांगितलं. रेजिनाला नाही." रेजिना फिलोमेनाची मोठी बहीण, कुवेतला नर्स होती. "तिला मातीला पोचता येणार नव्हतं. म्हणून तिने फोन केला. ते गाणं ऐकलं आणि ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा तेच. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं सोडलं."

"अहो, मग तिलाच तर आधी सांगायला हवं होतं!"

"काय सांगू? की तुझी चूक झाली? बहिणीच्या मातीला तू उगाच फोन ठेवलास? ती हळवी आहे, सावंत. जन्मभर मनाला लावून घेईल. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी. मला सहन होतं."



नियम काही महिन्यांनी आला. पेपरात कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती. गिऱ्हाईकाने स्वतः स्पष्ट होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येणार नाही. मी पेपर घेऊन तळमजल्यावर धावलो. काकांनी 'स्पष्ट' या शब्दावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, "बरं लिहिलंय." इमारतीत कोणाला पत्ताही नव्हता. मोहित्यांच्या बायकोने त्याच आठवड्यात फोन करून आपल्या आवडीचं गाणं लावून घेतलं. काकांना मी हे खट्याळपणे सांगितलं, तर ते उलट खूश झाले. "तिने मागितलं. छान झालं."

त्या नाताळला काकांनी नंदाखालचं घर उघडलं आणि मला नि हिला जेवायला बोलावलं. घरात एक सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाई ताटं मांडत होत्या. रेजिना. भाचीच्या लग्नासाठी आल्या होत्या आणि नातेवाइकांनी आग्रह केला म्हणून इथे उतरल्या होत्या. काकांशी त्या जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. मीठ कुठे आहे, पाहुणे किती, बस्स.

काका केळीचा घड कापायला बागेत गेले. ही स्वयंपाकघरात होती. रेजिनाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुमच्याशी बस्त्याव बोलतो म्हणे. फिलू गेली तेव्हा त्याने फोनवर ते गाणं का लावलं होतं, काही बोलला कधी?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. खिडकीतून काका दिसत होते, कोयता घेऊन केळीभोवती फिरणारे, कुठला घड द्यावा ते ठरत नसलेले.

"नाही," मी म्हणालो. "तो विषय कधी निघाला नाही."

त्यांनी मान हलवली. "मी फार राग धरला त्याचा. मग तिकडे एकटी असताना विचार करत बसायची. लहानपणी फिलूला नाचाचं भारी वेड. लग्नात ती दमायचीच नाही. तिच्यासाठीच लावलं असणार त्याने. दुसरं काय? येड्याला सांगता येत नाही नीट."

दारात काका उभे होते. खांद्यावर घड. ऐकलं असावं, कारण ते आत यायचे थांबले होते. रेजिनाबाई उठल्या आणि त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी रागे भरल्यासारखं म्हणाल्या. मला निम्मंच कळलं. एवढा जड घड एकट्याने कशाला उचलायचा, असं काहीसं. त्यांनी एका बाजूने तो धरला, काकांनी दुसऱ्या बाजूने, आणि दोघे मिळून तो आत घेऊन आले.