करंगळीतला नीलम

"खिशात ठेवू नका, हरवाल!" बायकोने बजावलं, म्हणून दाताच्या डॉक्टरांनी अंगठी सरळ करंगळीत चढवली. अंगठी बायकोच्या आत्याची, जुन्या घडणीची. मधोमध बोराएवढा नीलम, भोवती हिऱ्यांची दाटी. दवाखान्यात जाता जाता ती सोनाराकडून उजळून घ्यायची आणि संध्याकाळी मेहुणीच्या पार्टीत बायकोने मिरवायची, असा बेत होता.

दुकानात अंगठी निघेचना. सोनाराने साबण लावला, तेल चोळलं, दोरा गुंडाळून ओढलं. करंगळी टोमॅटोसारखी टरारली.

"कापू का?" सोनाराने विचारलं.

"बोट?"

"अहो, अंगठी!"

"मग त्यापेक्षा बोटच काप. घरी कमी गहजब होईल."

दवाखान्यात नीलमाने दोन हातमोजे फाडले. पहिल्याच पेशंटने आ वासला, डोळ्यांसमोर लखलखाट पाहिला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. "डॉक्टर, हे घशात गेलं तर?"

"नाही जात हो, निघतच नाहीये."

"मग हातच आत राहिला तर?"

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मुकाट्याने घर गाठलं.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "तुम्हाला काही सांगायचीच सोय नाही!" मग घटकाभर विचार करून म्हणाली, "चला. अंगठी तुमच्या हातात, हात माझ्या हातात. आज सोडणारच नाही."

आणि खरंच सोडला नाही. पार्टीत जो तो त्यांच्याकडेच पाहत होता. मेहुणी नवऱ्याला म्हणाली, "शिका जरा! नाहीतर तुम्ही, रस्ता ओलांडताना मला मागे टाकून पसार!" डॉक्टर नव्या नवऱ्यासारखे लाजले.

तेवढ्यात सरबत आलं. बायकोने क्षणभर हात सोडला. डॉक्टरांनी गारेगार ग्लास धरला, सूज ओसरली, आणि अंगठी अलगद नखापर्यंत घसरली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बायको बहिणीशी बोलत होती. त्यांनी अंगठी हळूच पुन्हा आत दाबली आणि हात होता तिथे नेऊन ठेवला.

घराच्या जिन्यात बायको म्हणाली, "द्या आता."

"काय?"

"अंगठी. मघाशी निघाली होती ना? पाहिलं मी."

चोरी पकडली गेली होती. डॉक्टरांनी निमूटपणे अंगठी ओढली. पिरगाळली. पुन्हा ओढली. करंगळी पुन्हा टरारली.

बायकोने त्यांचा हात परत आपल्या हातात घेतला. "राहू द्या," ती म्हणाली. "उद्या दादाकडे जेवायला जायचंय."